सुई जागेवर, कापड मोकळे

सदर : हाताचा हुनर



आपल्या घरांतली शिलाई मशीन बहुधा लग्नात माहेरहून आलेली असते. तिच्यावर सलवार-कमीज होतात, उशांचे अभ्रे होतात, मुलांच्या गणवेशाची उसवलेली शिलाई होते, ईदच्या आधी पडदे होतात. मशीन उघडली म्हणजे काही तरी काम निघाले, आणि काम संपले की तिच्यावर पुन्हा कव्हर चढते. केवळ आवड म्हणून मशीनवर बसलेली बाई क्वचितच दिसते. या महिन्यात ज्या हुनराविषयी लिहिणार आहे तो याच मशीनवर, थोड्याशा खर्चात शिकता येतो. त्याची अट मात्र वेगळी आहे. तो घाईने येत नाही, आणि चूक होईल या भीतीने तर मुळीच येत नाही. तो आवडीनेच शिकावा लागतो.

इंग्रजीत त्याला फ्री मोशन क्विल्टिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर गोधडीवर मोकळ्या हाताने नक्षीची टीप घालणे.

नेमके काय करायचे असते?

नेहमीच्या शिलाईत कापड पुढे सरकवण्याचे काम मशीनचे दाते करतात. वरून फूट कापड दाबून धरतो, खालून दाते ते पुढे ढकलतात आणि आपण फक्त दिशा देतो. म्हणून टीप सरळ येते आणि टाके एकसारखे पडतात. मोकळ्या हाताच्या शिलाईत हे दाते खाली घेतात किंवा झाकून टाकतात. आता कापड आपोआप हलत नाही. मशीन एवढेच करते की सुई वरखाली नेते. कापड पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, गोल, जसे न्याल तसे जाते.

मेंदी काढणाऱ्या मुलींना हे लवकर कळेल. मेंदीत हात स्थिर असतो आणि कोन फिरतो. इथे कोन एका जागी पक्का बांधून ठेवला आहे आणि त्याच्याखाली हात फिरवायचा आहे असे समजा. वेल, पान, फूल तेच. फक्त फिरणारी वस्तू बदलली.

टाका किती लांब पडणार हे आता दोन वेगांवर ठरते. एक पायाचा, म्हणजे मशीनचा वेग, दुसरा हाताचा. हात भरभर आणि पाय हळू चालला तर लांबलचक टाके पडतात. पाय जोरात आणि हात हळू चालला तर एकाच जागी बारीक टाक्यांची गर्दी होते. या दोन वेगांचा मेळ बसणे हाच सगळा हुनर. तो कानाने आणि हाताने कळतो, वाचून कळत नाही. म्हणून शिकायला काही दिवस द्यावेच लागतात.

आपल्याकडे हे नवे नाही

नाव इंग्रजी असले तरी मोकळ्या हाताने थर शिवण्याची कला आपल्या समाजाला परकी नाही. पिंजारी, नदाफ, मन्सुरी ही आडनावे आपल्यातच आहेत. नदाफ या शब्दाचे मूळ अरबी आहे आणि त्याचा अर्थच कापूस पिंजणारा असा आहे. धनुकलीने कापूस पिंजून, तो खोळीत पसरून, लांब सुईने रजई शिवणारे हे कारागीर अनेकांनी दारात बसलेले पाहिले असतील. कापडावर आधी काही न रेखता ते मधोमध फूल आणि कडेने वेल सहज शिवत. नक्षी हातात असे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हलियाळ या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून ‘कवंदी’ शिवतात. मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या या समाजात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि हिंदूही आहेत. कवंदीची शिलाई एका कोपऱ्यातून सुरू होते, कडेकडेने फिरत आत आत येते आणि मध्यभागी संपते. चारही कोपऱ्यांवर लावलेल्या घडीच्या तुकड्यांना त्या ‘फुला’ म्हणतात. त्याशिवाय त्यांची कवंदी पूर्ण समजली जात नाही. हे सगळे हाताने, धावदोऱ्याने होते.

मशीनवरच्या कामाला मात्र बराच काळ दुय्यम मानले गेले. अमेरिकेत गोधडीच्या स्पर्धा भरतात, पण तिथेही खरी गोधडी हाताचीच असा समज होता. १९८९ साली केंटकी राज्यातील पडुका या गावी भरलेल्या मोठ्या स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर शिवलेल्या गोधडीला सर्वोच्च बक्षीस मिळाले, तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. त्यानंतर हा समज हळूहळू मागे पडला. आपल्याकडेही ‘मशीनवरचे काय, ते तर मशीनच करते’ असे म्हणणारे आहेत. दाते खाली घेतल्यावर मशीन काय करते आणि हात काय करतो, हे एकदा करून पाहिले की असे कोणी म्हणणार नाही.

तयारी

मशीन कोणतीही चालेल, पण ती पायाने किंवा विजेवर चालणारी हवी. हाताच्या मशीनवर एक हात दांड्यावर अडकतो आणि इथे कापड फिरवायला दोन्ही हात लागतात. जुन्या काळ्या पायमशीनवर हे काम उत्तम होते. आपल्याकडच्या शिवणवर्गांत गोल रिंग लावून मशीनचे भरतकाम शिकवतात, ते याच तत्त्वावर चालते.

काही मशीनना दाते खाली घेण्याचा खटका असतो. नसेल तर दात्यांवर बसवायची झाकणपट्टी मिळते. तीही नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेचा गुळगुळीत, कोरा तुकडा घ्या. ज्या भागावर बिस्मिल्लाह किंवा नावे छापलेली असतात तो घेऊ नका. त्याला सुईपुरते भोक पाडून तो चिकटपट्टीने दात्यांवर पक्का बसवा. टाक्याची लांबी शून्यावर आणा.

फूट वेगळा लागतो. दुकानात डार्निंग फूट किंवा एम्ब्रॉयडरी फूट म्हणून मागा. याला स्प्रिंग असते आणि तो सुईबरोबर किंचित वरखाली होतो, त्यामुळे कापड फिरायला मोकळे राहते. जाताना आपल्या मशीनचा जुना फूट सोबत न्या, कारण सगळे फूट सगळ्या मशीनला बसत नाहीत. रिंगमध्ये ताणलेल्या एकेरी कापडावर फूट न लावताही काम करतात, पण गोधडीच्या थरांवर तसे करू नका. टाके सुटतात आणि बोटाला सुई लागण्याचा धोका असतो.

सुई १४ नंबरची, नवी. दोरा चांगल्या प्रतीचा, वर आणि बॉबीनमध्ये एकच. पोत्यातून निघालेल्या जुन्या रिळांचा दोरा वारंवार तुटतो आणि मग राग मशीनवर निघतो.

थर तीन. वर सुती कापड, खाली सुती कापड, मध्ये पातळ भर. भर म्हणून जुनी सुती चादर, फ्लॅनेल किंवा झिजलेले पातळ ब्लँकेट चालेल. पिंजलेला सुटा कापूस घरच्या मशीनवर नको. तो सरकतो आणि गाठी होतात. हाताच्या गोधडीत आपण पाच-सहा जुन्या साड्या एकावर एक घालतो, तेवढी जाडीही नको. सिंथेटिक साडी सुरुवातीला टाळा. ती सुईखाली घसरते. सरावासाठी मांजरपाटासारखे दुसरे कापड नाही.

तिन्ही थर सपाट अंथरून, हाताने सारखे करून, वीतभरापेक्षा कमी अंतरावर सेफ्टी पिना लावा किंवा कच्चे टाके घाला. या पायरीवर कंटाळा केला तर मागच्या बाजूला चुण्या पडतात. मोठी गोधडी असेल तर शिलाई मध्यभागातून सुरू करून कडेकडे न्यायची, म्हणजे कापडातला फुगवटा बाहेर निघत जातो. कवंदीच्या नेमके उलट.

आणखी एक साधी वस्तू. रबरी ठिपक्यांचे हातमोजे बाजारात मिळतात. ते घातले की कापड हाताखाली घसरत नाही आणि बोटांनी दाबून धरण्याचा ताण जातो. खांदे दुखण्याची तक्रार यानेच निम्मी कमी होते. बाकीची निम्मी खुर्चीची उंची नीट केल्याने. कोपर टेबलाच्या पातळीत यायला हवे.

पहिली टीप

एक फुटाचा चौकोनी तुकडा घ्या. सुई एकदा खाली-वर करून बॉबीनचा दोरा वर ओढून घ्या. दोन्ही दोरे बोटांनी धरा आणि त्याच जागी तीन-चार बारीक टाके घाला. दोरा पक्का झाला की टोके कापून टाका.

फूट खाली घ्यायला विसरू नका. हा फूट कापडाला दाबत नाही, त्यामुळे तो खाली आहे की वर हे चटकन कळत नाही. पण फूट खाली घेतल्यावरच वरच्या दोऱ्याला ताण मिळतो. तो वर राहिला तर खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे तयार होते.

दोन्ही हात सुईच्या दोन बाजूंना, दीड-दोन इंच लांब, सपाट ठेवा. पाय मध्यम वेगाने चालवा आणि तो वेग बदलू नका. नव्या माणसाची चूक अशी की भीतीने पाय हळू होतो आणि हात झटके देतो. उलट करा. पाय एकसारखा चालू द्या, हात संथ ठेवा. नजर सुईवर नको, सुई जिथे जाणार आहे तिथे हवी. सायकल शिकताना चाकाकडे पाहिले की तोल जातो, तसेच आहे.

वळणावर हात जोरात फिरला तर मागच्या बाजूला दोऱ्याचे पापण्यांसारखे टोकदार फटकारे दिसतात. वळण आले की हात थोडा हळू करा, ते जातात.

आणि थांबायचे असेल तेव्हा सुई कापडात रुतवून थांबा. घरात काम करताना याचा मोठा उपयोग आहे. दारावर कोणी आले, दूध उतू चालले, अजान झाली, सुई खाली ठेवा आणि उठा. नमाज पढून परत आलात तरी वेल जिथे थांबली तिथूनच पुढे जाते.

तख्ती आणि मश्क

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांत मुलांचे अक्षर वळणावर आणताना जे दिसते, तेच या शिलाईत दिसते. म्हणून त्याविषयी दोन शब्द.

पूर्वी उर्दू लिहायला तख्ती असे. लाकडी पाटीवर मुलतानी माती फासायची, ती वाळवायची, बोरूने अलिफ, बे, जीम गिरवायचे. दिवसाअखेर तख्ती धुतली जाई आणि उद्यासाठी पुन्हा माती फासली जाई. याला मश्क म्हणत. मश्क म्हणजे सराव, पण त्यात एक निश्चिंतपणा होता. आजचे अक्षर वाकडे आले तर आले, उद्या तख्ती पुन्हा कोरी होणार. मूल घाबरत नसे.

आता वहीत खोडरबर आला आहे. दर वर्गात दोन-चार मुले अशी असतात की एक शब्द लिहितात आणि चार वेळा खोडतात. पान फाटते, पण अक्षर सुधारत नाही. कारण हाताला सलग चालण्याची सवयच लागत नाही. त्या मुलांचा खोडरबर महिनाभर काढून घेतला की अक्षर मोकळे होऊ लागते.

मोठ्या खत्तातांची, म्हणजे सुलेखनकारांची गोष्ट याहून पुढची आहे. ते सरावासाठी एकाच कागदावर अक्षरांवर अक्षरे लिहीत जात, कागद काळा होईपर्यंत. त्याला ‘सियाह मश्क’ म्हणतात. पुढे रसिकांना हे सरावाचे कागदच इतके आवडू लागले की ते जपून, सजवून संग्रहात लावले गेले. अशा संग्रहाला ‘मुरक्का’ म्हणतात. गालिबच्या दीवानाची अब्दुर्रहमान चुगताई यांनी चित्रांनी सजवलेली आवृत्ती १९२८ साली आली, तिचे नावही ‘मुरक्का-ए-चुगताई’. मुरक्का या शब्दाचा मूळ अर्थ मात्र आहे ठिगळे जोडून केलेले. सूफी दरवेशांच्या ठिगळांच्या अंगरख्यालाही हाच शब्द आहे. म्हणजे चित्रांचा संग्रह काय आणि गोधडी काय, अरबीत दोन्ही एकाच घरातले शब्द.

काय उसवावे, काय राहू द्यावे

आता मुख्य मुद्दा. हा हुनर अर्ध्यावर सोडणाऱ्या बहुतेक बायका मशीनमुळे सोडत नाहीत, उसवण्यामुळे सोडतात. चार इंच शिवायचे, उलटून पाहायचे, एक पान लहान दिसले की उसवायचे. तासभर बसून हातात चिंध्या राहतात आणि ‘मला नाही जमायचे’ असा निकाल लागतो.

ही सवय कुठून येते ते आपल्याला ठाऊक आहे. लहानपणापासून आपला टाका कोणी तरी तपासत आलेले असते. शिवणाच्या बाई, मग सासूबाई, मग नणंद. ‘मागची बाजू दाखव’ हे वाक्य कोणी ऐकले नाही? सुबक टाका म्हणजे चांगल्या घरची मुलगी, असे समीकरण मनात बसले आहे. मोकळ्या हाताच्या शिलाईत पहिले कित्येक दिवस टाका सुबक येतच नाही, आणि आपल्याला वाटते आपणच कमी पडलो.

दुसऱ्या बाजूने असेही मनात येते की आपल्या दीनने तर प्रत्येक कामात एहसान, म्हणजे उत्तमपणा शिकवला आहे. मग वाकडी टीप तशीच कशी राहू द्यायची? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर असे की उत्तमपणा कशात आहे हे आधी पाहावे. गोधडी पांघरायची वस्तू आहे. ती टिकली पाहिजे, धुतली गेली पाहिजे, ऊब दिली पाहिजे. म्हणून प्रत्येक चुकीला एकच प्रश्न विचारा : हे धुतल्यावर टिकेल का?

या चुका जरूर उसवा. खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे झाले असेल. खालचा दोरा तारेसारखा सरळ पडला असेल, कारण तो ओढला की पूर्ण ओळ निघून येते. पाव इंचापेक्षा लांब टाके पडले असतील, कारण त्यांत बोट, अंगठी, मुलांच्या पायातील पैंजण अडकते. मागच्या कापडाची चुणी शिवणीत सापडली असेल. या चुका टिकाऊपणाच्या आहेत. इथे आळस केला तर तो एहसान नव्हे.

आणि या राहू द्या. वळण थोडे कोनासारखे आले. एक पान मोठे, एक लहान झाले. टाके कुठे बारीक, कुठे जाड पडले. वेल दुसऱ्या वेलीवरून गेली. या चुका नजरेच्या आहेत. सुती गोधडी एकदा धुतली की कापड किंचित आकसते, शिलाईच्या रेषांमध्ये मऊ फुगवटे उठतात आणि यातल्या निम्म्या चुका शोधूनही सापडत नाहीत.

कुरआनच्या सूरह नहलमध्ये मेहनतीने कातलेले सूत स्वतःच्या हाताने उसकटून टाकणाऱ्या स्त्रीचे उदाहरण आले आहे. ते शपथा मोडण्याविषयी आहे, त्याचा अर्थ ओढूनताणून शिलाईला लावू नये. पण ते उदाहरण देण्यासाठी निवडले गेले, यावरून एवढे दिसते की केलेल्या मेहनतीवर आपणच पाणी फिरवणे हे सर्वांना कळणारे नुकसान आहे.

तीस दिवस, तीस चौकोन

शिकण्याची एक पद्धत सुचवते. तेरा इंचांचे तीस चौकोन तयार करा, प्रत्येकाचे तीन थर पिना लावून ठेवून द्या. रोज एकच चौकोन शिवा. वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. शिवण्याआधी तीच नक्षी पेन्सिलने कागदावर, पेन्सिल न उचलता, पाच-सहा वेळा काढा. हाताला रस्ता पाठ होतो आणि मग मशीनवर विचार करावा लागत नाही.

पहिला आठवडा फक्त नागमोडी रेषा, एकमेकींना न छेदता चौकोनभर फिरणारी. दुसरा आठवडा लिहिताना आपण काढतो तशा गाठींची साखळी. उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून लिहिणाऱ्यांना इथे एक फायदा आहे. दोन्ही दिशांना वळण घेताना हात अडत नाही. तिसरा आठवडा पाने आणि वेल. चौथ्यात जे आवडले ते.

प्रत्येक चौकोनाच्या मागे कोपऱ्यात तारीख लिहा. उसवायचे ते वर सांगितलेल्या चुकांपुरतेच. महिना संपला की सगळे चौकोन साडेबारा इंचांवर कापून, पाव इंच शिवण धरून जोडा. मागच्या बाजूची शिवण उघडून त्यावर दुमडलेली पट्टी हाताने तुरपाई करा. पाच गुणिले सहा, म्हणजे साठ बाय बहात्तर इंचांची, एका माणसाला पुरेल अशी गोधडी तयार होते. एका कोपऱ्यात पहिल्या दिवसाची अडखळणारी रेषा आणि समोरच्या कोपऱ्यात तिसाव्या दिवसाची वाहती वेल. खत्तातांच्या मश्कचा मुरक्का होत असे, तसा हा तुमच्या मश्कचा.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. घरच्या मशीनच्या सुईपासून खांबापर्यंतची जागा लहान असते. पूर्ण गोधडीची गुंडाळी त्यात कोंबणे नवशिक्या हाताला जड जाते. चौकोन मात्र सहज फिरतो.

नक्षी कोणती?

आपल्या परंपरेत वेलबुट्टी आणि भूमितीची नक्षी यांचा खजिना आहे. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या, विजापूरच्या इब्राहिम रोजाच्या भिंती एकदा वहीत काढून पाहा. मुलांनाही सोबत बसवा. न तुटता पुढे जाणारी वेल या शिलाईला फार जवळची आहे. एक काळजी मात्र घ्या. पांघरायच्या, पायाशी येणाऱ्या कापडावर अल्लाहचे नाव, आयत किंवा कलिमा शिवू नका, कितीही श्रद्धेने वाटले तरी.

जानमाज शिवायची असेल तर नक्षी असावी, पण ती ओरडू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नक्षीदार चादर नमाजात लक्ष वेधते म्हणून परत पाठवून साधी मागवली, असे हदीसमध्ये आले आहे. म्हणून कापडाच्याच रंगाचा दोरा घ्या. मग नक्षी रंगाने दिसत नाही, फक्त सावलीने दिसते आणि हाताला जाणवते. शिकणाऱ्या हातासाठीही हेच बरे. एकाच रंगात चुका लपतात.

हा वेळ कुणाचा?

कोणी विचारेल, घरात एवढी कामे असताना ही हौस कशाला? बाजारात ब्लँकेट मिळते. हा प्रश्न बाहेरचे लोक कमी विचारतात, आपणच स्वतःला जास्त विचारतो. पुरुषाने संध्याकाळी चौकात तासभर बसावे यात कोणाला वावगे वाटत नाही. बाईने वीस मिनिटे स्वतःच्या आवडीसाठी घेतली तर तिला ती चोरल्यासारखी वाटतात. नमाज, घर, मुले, नोकरी यांचे हक्क पुरे करून उरलेल्या वेळात हलाल आनंद घेणे ही चोरी नव्हे.

दुसरी अडचण कौतुकातून येते. काम थोडे बरे जमले की घरचे म्हणतात, ‘अगं, ऑर्डर घ्यायला लाग.’ हेतू चांगला असतो, आणि हाताच्या कमाईला इस्लाममध्ये मोठा मान आहे. प्रेषितांच्या (स.) पत्नी हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) स्वतःच्या हाताने काम करीत आणि त्यातून सदका देत, ‘सर्वांत लांब हात’ कोणाचा याचा अर्थ त्यांच्या याच दानशूरपणातून इतर पत्नींना उमगला. गरज असेल तर जरूर कमवा. पण पहिली गोधडी विकू नका. शिकणे आणि ऑर्डर एकदम सुरू झाले की पुन्हा तीच मागची बाजू तपासणारी नजर मशीनशेजारी येऊन बसते.

आणि मुलांना बघू द्या. आईला सगळे येते असे त्यांना वाटत असते. आई पंचेचाळिसाव्या वर्षी काही तरी नवे शिकते आहे, रोज थोडे चुकते आहे आणि तरी हसत पुन्हा बसते आहे, हे पाहिलेले मूल वहीतले पान कमी फाडते. मुलांमध्ये मुलगेही आले. प्रेषित (स.) घरी असताना स्वतःचे कपडे शिवत, चपला सांधत, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. आपल्या मुलाच्या हातात सुईदोरा देताना एवढा दाखला पुरेसा आहे. लहान मुलांना मात्र चालत्या मशीनजवळ आणि पेडलजवळ येऊ देऊ नका, आणि सुई बदलताना विजेचे बटण बंद ठेवा.

या महिन्यात निदान पहिले सात चौकोन करून पाहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मशीनचा आवाज एकसारखा येऊ लागेल, खांदे सैल होतील आणि घड्याळाकडे लक्ष जाणार नाही. ते झाले की समजा हात सुटला. चौकोन जोडून झाल्यावर कडेचा गोट कसा लावायचा आणि कोपरे कसे मोडायचे, ते पुढच्या अंकात पाहू, इन्शाअल्लाह.